खोकल्याची साक्ष

शाळेच्या हजेरीपटात खोकल्याला रकाना नसतो. हजर आणि गैरहजर या दोनच अवस्था शिक्षण खात्याला ठाऊक आहेत. खोकत खोकत बसलेले मूल हजरच धरले जाते. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही, मुखेडच्या एका उर्दू शाळेतले तिघे शिक्षक, हजेरीपटाशेजारी एक साधी दोनशे पानी वही ठेवू लागलो. वर्गात खोकणाऱ्या मुलांची नावे तारखेनिशी तिच्यात लिहायची, एवढेच ठरले होते. या वहीने आमच्यापुढे जो प्रश्न टाकला तो आरोग्याचा आहे असे आम्हांला तेव्हा वाटले होते. आता वाटते, तो न्यायाचा आहे आणि त्याचे उत्तर आम्हांला अजून पुरते सापडलेले नाही.

हकिकत साधी आहे. गावाबाहेर रस्त्याकडेला एक वीटभट्टी आहे. तिच्या पाठीमागे स्वस्तात प्लॉट पडले आणि त्यांवर पत्र्याची घरे उभी राहिली. त्या वस्तीतून आमच्याकडे पुष्कळ मुले येतात. दिवाळीनंतर भट्टी लागते ती मृगाच्या तोंडावर थांबते. तिच्यात कोळसा असतो, भुसा असतो, उसाची चिपाडे असतात. आणि कोळसा महागला की आणखी काय काय असते ते वासावरून कळते. जळक्या रबराचा वास एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही. हिवाळ्याच्या पहाटे वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार, त्यामुळे धूर वर न चढता दबून राहतो. मुले दप्तर घेऊन निघतात तेव्हा तोही त्यांच्याबरोबर शाळेला निघतो.

खोकला शिक्षकाला नवा नाही. खडूच्या धुळीने आम्ही स्वतःच अर्धे आयुष्य खोकत असतो. पण ही मुले वाचताना ओळ पुरी करू शकत नव्हती. उर्दूचा धडा मोठ्याने वाचायला उभे केले की मध्येच थांबायची, छातीवर हात ठेवायची, हसायची आणि पुन्हा सुरू करायची. ते हसणे आमच्याने बघवेना.

वहीत आम्ही एका पानावर भट्टीकडच्या वस्तीतली मुले आणि समोरच्या पानावर गावाच्या दुसऱ्या बाजूची मुले अशी विभागणी केली. फेब्रुवारी येईपर्यंत दोन्ही पानांतला फरक कोणालाही दिसावा इतका झाला होता. वही घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेबांनी पाने उलटली, चहा पाजला, खोटे कशाला बोला, आणि शांतपणे विचारले, "गुरुजी, हे भट्टीमुळेच झालं, याचा पुरावा काय?"

परतताना आम्ही चिडलो होतो. पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की साहेबांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. बी.एड.ला आम्हांला कृतिसंशोधन करावे लागले होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तेव्हाच शिकवले गेले होते. त्या वस्तीत भट्टीचा धूर आहे हे खरे. पण तिथे घराघरांत चूलही पेटते, तिच्यात पऱ्हाट्या जळतात. पत्र्याखाली थंडी जास्त लागते. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, एकाचा खोकला सगळ्यांना लागतो. बाप बिडी ओढतो. रस्त्याची धूळ तर सगळ्यांच्याच वाट्याला आहे. यातले भट्टीचे किती आणि बाकीच्यांचे किती, हे आमची दोनशे पानी वही सांगू शकत नव्हती.

इथेच आम्ही अडलो. गरिबाच्या छातीवर कधीच एकटे कोणी बसलेले नसते. पाच जण बसलेले असतात आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. भट्टीवाला म्हणणार, चुलीमुळे. चूलवाली बाई म्हणणार, थंडीमुळे. मग ज्याचा जीव कोंडला आहे त्यालाच विचारायचे, नेमका कोणाच्या वजनाने कोंडला ते सांग. आमच्या भाषांत 'दम' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. उर्दूत दम म्हणजे श्वास, प्राण. मराठीत मुलाला दम लागतो, कार्यालय दम धरायला सांगते आणि ज्याच्या हातात असते तो दम देतो. त्या हिवाळ्यात आम्हांला तिन्ही अर्थ भेटले.

मोठ्या शहरांचेही याहून वेगळे झालेले नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर चार-पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले होते. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे जास्त मेली, असे लगेचच दिसून आले. पुढच्या महिन्यांतही जादा मृत्यू होत राहिले, तेव्हा सरकारने ते फ्लूच्या खात्यावर टाकले. त्यांची फेरमोजणी अभ्यासकांनी पुष्कळ उशिरा केली आणि आकडा १२,००० च्या आसपास नेला. म्हणजे प्रेते समोर असतानाही कारणावर वाद घालता येतो. १९६५ मध्ये ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने नेमक्या याच प्रश्नावर एक व्याख्यान दिले. सहवास कधी कारण मानावा, हे ठरवताना कोणकोणत्या बाजूंनी पाहावे याचे नऊ मुद्दे त्याने मांडले: संबंध किती घट्ट आहे, आधी काय आणि नंतर काय, मात्रा वाढली की त्रास वाढतो का, वगैरे. पण आम्हांला त्या नऊ मुद्द्यांपेक्षा त्याचा शेवट महत्त्वाचा वाटतो. विज्ञान नेहमीच अपुरे असते, म्हणून हातात असलेल्या ज्ञानावर कृती करणे लांबणीवर टाकण्याची मोकळीक आपल्याला मिळत नाही, अशा आशयाचे तो बोलला होता. हा मनुष्य काही आंदोलक नव्हता. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या दोघांपैकी तो एक.

आमच्या मुखेडमध्ये तर हे तत्त्व समजायला लंडनपर्यंत जायची गरज नाही. सर्पदंशावरच्या उपचारांसाठी मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांचे नाव दूरवर माहीत आहे, आणि शेतकऱ्यांच्या या तालुक्यात साप चावलेला माणूस कसा आणतात हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. अंधारात पाय पडतो, काहीतरी डसते, साप निघून जातो. दवाखान्यात कोणी असे म्हणत नाही की, साप दाखवा, मग औषध देतो. पापण्या मिटायला लागल्या आहेत का, रक्त गोठते आहे का, सूज कुठवर चढली, ही लक्षणे पाहून निर्णय होतो. आपल्याकडचे प्रतिविष तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर एकत्रच चालते, कारण चावणारा कोणता हे पुष्कळदा कळतच नाही. डॉक्टरला साप न पाहता सुई टोचता येते. धुराच्या बाबतीत मात्र आपण आधी साप मागतो. फरक एवढाच की सापाचा कोणी मालक नसतो.

या गोंधळात आम्ही आमच्या ओळखीच्या एका मौलानांकडे गेलो. फतवा मागायला नव्हे. त्यांची बुद्धी तल्लख आहे आणि त्यांचा फिकहचा अभ्यास चांगला आहे म्हणून. त्यांनी आमच्यापुढे दोन कायदे ठेवले. पहिला असा की दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा आणि नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी. दुसरा असा की कोणी कोणाला इजा पोहोचवू नये आणि इजेच्या बदल्यात इजाही करू नये. लहानपणापासून दोन्ही ऐकलेले. पण ते एकमेकांसमोर उभे राहू शकतात हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. पहिल्या कायद्याने पाहिले तर साहेब बरोबर, आम्ही दावेदार, पुरावा आम्हीच आणायचा. दुसऱ्याने पाहिले तर आधी धूर थांबला पाहिजे, बाकीचे नंतर.

मौलानांनी मग 'मजल्ला'ची गोष्ट सांगितली. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात अहमद जौदत पाशा यांच्या देखरेखीखाली हनफी फिकहच्या आधारे दिवाणी कायद्याची ही संहिता तयार झाली. तिच्यात शेजाऱ्याच्या धुराचा चक्क विचार आहे. घराला लागून कोणी लोहाराचा भाता घातला, भट्टी किंवा तेलाचा घाणा काढला आणि धुराने, वासाने त्या घरात राहणे अशक्य झाले तर ती इजा दूर केलीच पाहिजे. इजा जुनी आहे म्हणून तिला हक्क मिळत नाही, हेही त्यात आहे. आम्ही खूश झालो. पण मौलाना प्रामाणिक माणूस. त्यांनी लगेच पुढचे कलम सांगितले: लोहाराचे दुकान आधीपासून चालू असेल आणि कोणी नंतर येऊन त्याच्या शेजारी घर बांधले, तर त्या नव्याला लोहाराचे दुकान बंद करा असे म्हणता येत नाही. त्याची अडचण त्याने स्वतः दूर करावी.

आमची वस्ती भट्टीनंतरची आहे. हे आम्ही साहेबांना सांगितले नव्हते. आता वाचकांना सांगतो.

त्या कलमाने आमची झोप उडवली. न्यायाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. जाणूनबुजून येऊन तक्रार करणाऱ्याला कोणी का ऐकून घ्यावे? पण 'येऊन' या शब्दात काय काय दडले आहे ते आम्हांला मुंबईच्या माहुलची कागदपत्रे आणि बातम्या वाचताना कळले. मुखेड तालुक्यातली कितीतरी कुटुंबे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत राहतात, त्यामुळे तिकडच्या बातम्या आमच्या घरांत परक्या नसतात.

माहुल हे चेंबूरजवळचे कोळ्यांचे जुने गाव. १९५० च्या दशकात त्याच्या परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग खत कारखाना, वीजकेंद्र, रसायनांच्या टाक्या. म्हणजे इथे लोहारच नंतर आला होता. २०१३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयाने माहुल आणि शेजारच्या आंबापाडा इथल्या रहिवाशांची पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी सांगितले की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. ८६.६ टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते, ८४.५ टक्क्यांना छाती कोंडल्यासारखी वाटत होती. रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने नोंदवले की इथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे दिसते.

याच माहुलमध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती आणि १७,००० हून अधिक घरे बांधलेली होती. लवादाचा निर्णय येऊन गेल्यावर, २०१७ मध्ये, तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून तिथल्या हजारो माणसांना या घरांत पाठवण्यात आले. ती माणसे लोहाराशेजारी नंतर राहायला गेली. पण ती 'आली' का? त्यांच्या हातात चाव्या देऊन त्यांना आणले गेले. दुसरीकडे कुठे जायची सोय नव्हती. ते भांडले, रस्त्यावर बसले, न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या. २०२५ मध्ये महापालिकेने तिथली रिकामी पडलेली हजारो घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना स्वस्तात विकायची योजना काढली. मुंबईत, जिथे घरासाठी माणूस जीव टाकतो, तिथे या घरांना गिऱ्हाईक मिळता मिळेना. आम्हांला वाटते, के.ई.एम.च्या पाहणीनंतरची ही दुसरी पाहणीच झाली. ज्यांना निवड करता आली त्यांनी काय निवडले, ते तिच्यात दिसते.

आमची वस्ती कोणी सरकारी हुकमाने वसवली नाही. पण गावात ज्या भावाने एक खोली मिळत नाही त्या भावात तिथे प्लॉट का मिळाला? धुरामुळेच. धूर किमतीतून आधीच वजा केलेला होता. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, आणि ज्याला ठाऊक नव्हते ते घेणाऱ्याचे मूल तेव्हा जन्मलेले नव्हते. गरिबीने आणलेल्याला 'आला' म्हणायचे की 'आणला' म्हणायचे? मौलानांना आम्ही हे विचारले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कलम तर लिहिलेलंच आहे. पण काजीला समोरचा माणूस बघावाच लागतो." यापुढे ते गेले नाहीत. आम्हीही त्यांना ओढले नाही.

पुराव्याच्या ओझ्याबद्दल मात्र आमचे मत आता पक्के झाले आहे. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा हा नियम दोन सारख्या माणसांमधला आहे. उसने दिलेले पैसे, विकलेली म्हैस, शेताचा बांध. तिथे दोघांनाही खरे काय ते सारखेच ठाऊक असते. भट्टीत काय जळते हे फक्त भट्टीवाल्याला ठाऊक असते. धुराड्याचे माप, जाळण्याचा हिशेब, नफ्याची वही त्याच्याकडे. आमच्याकडे फक्त खोकला. ज्याच्या कुलपात पुरावा आहे त्याला सोडून, ज्याच्या छातीत त्रास आहे त्याच्याकडे पुरावा मागणे हा कायदा नव्हे, ती सोय आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे केव्हाच ओळखले. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात, वेल्लोरच्या नागरिकांनी दाखल केलेल्या खटल्यात, १९९६ साली न्यायालयाने म्हटले की पर्यावरणाच्या बाबतीत आपल्या कृतीने अपाय होत नाही हे दाखवण्याची जबाबदारी उद्योग करणाऱ्यावर आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेत वीटभट्टी वस्तीपासून किमान ८०० मीटर लांब असावी असे आहे. साहेबांना हे माहीत असणार. पण आमच्या वहीला एक प्रश्न विचारणे भट्टीवर जाऊन एक प्रश्न विचारण्यापेक्षा सोपे होते.

इथवर आम्ही फिर्यादीच्या तोऱ्यात बोललो. पुढचे सांगताना तो तोरा राहत नाही.

वहीची बातमी भट्टीपर्यंत गेली. कशी गेली ते कळले नाही. मुखेड काही फार मोठे नाही. एका संध्याकाळी एका विद्यार्थ्याचा बाप आमच्या घरी आला. तो त्याच भट्टीवर विटा थापतो. बसा म्हटले तरी बसेना. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, हमारे छोकरे का नाम काट देओ वही में से." आम्ही समजावू लागलो की हे त्याच्या मुलासाठीच चालले आहे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "भट्टी बंद हुई तो हम खाना क्या? मुकादम पूछ रहा था, तेरा नाम सर के पास कैसा गया."

आम्ही त्याची परवानगी घेतली नव्हती. हजेरी घेताना परवानगी कोण घेते? पण खोकला ही हजेरी नव्हती. ती साक्ष होती, आणि साक्षीदाराला न विचारता आम्ही त्याला उभे केले होते. ज्या धुराविरुद्ध आम्ही वही भरत होतो त्याच धुरातून त्या घरची भाकरी येत होती. मुलाच्या छातीत धूर सगळ्यांत जास्त जात होता, कारण बाप कामावर असताना तेही तिथेच विटांच्या राशींत खेळत होते. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त इजा, त्यालाच इजा थांबण्याची सगळ्यांत जास्त भीती. हे आमच्या कृतिसंशोधनात कुठे बसत नव्हते. मौलानांच्या दोन्ही कायद्यांतही बसत नव्हते.

त्या रात्री आम्ही तिघे वाद घालत बसलो. एक म्हणाला, नाव काढायचे नाही. एक नाव काढले की उद्या सगळे येतील आणि वहीत फक्त मास्तरांची नावे उरतील. दुसरा म्हणाला, माहुलच्या त्या ६७ टक्क्यांत जो कोणी होता त्याला निदान विचारले गेले होते आणि त्याने आपण होऊन सांगितले होते. आपण चोरून ऐकले. तिसऱ्याने काही न बोलता पेन उचलले. आम्ही नाव काढले. नुसती रेघ मारली असती तर खाली अक्षरे वाचता आली असती, म्हणून नीट काळे केले. हे बरोबर केले असे आम्हांला त्या रात्री वाटले. आजही आमच्यातल्या दोघांना तसे वाटते.

वही बंद केली नाही. आता हिवाळा लागायच्या आधी आम्ही पालकांना बोलावतो, काय लिहिणार आहोत ते सांगतो आणि जे हो म्हणतात त्यांच्याच मुलांची नोंद ठेवतो. हो म्हणणारे थोडे असतात. त्यात भट्टीवरचे घर जवळजवळ नसतेच. शास्त्राच्या दृष्टीने आता ही वही पहिल्यापेक्षा कमकुवत झाली आहे, कारण ज्यांचे सगळ्यांत जास्त लिहायला हवे तेच तिच्यात नाहीत. गेल्या वर्षी अर्जासोबत आम्ही खोकल्याचा हिशेब जोडला नाही. तिथे काय जळते ते तपासा आणि वस्तीपासूनचे अंतर मोजून द्या, एवढेच मागितले. अर्जाची पोच मिळाली आहे.

तो मुलगा आता सातवीत आहे. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे बसतो. हजेरीत त्याचे नाव आले की आधी खोकतो, आणि मग म्हणतो, हाजिर.